वाटेत सहभागाची कलाकृती आढळल्यास

रोजच्या रस्त्यावरील एखाद्या भिंतीवर अचानक काळा फळा, शेजारी खडू आणि अर्धवट सोडलेले वाक्य दिसले, तर हात लावण्यापूर्वी थोडा वेळ बाजूला उभे राहून इतर लोक काय करतात ते पाहावे. साहित्य सुटे ठेवलेले असेल, जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असेल किंवा तशी सूचना लिहिलेली असेल, तर सहभाग अपेक्षित आहे असे समजावे. यांपैकी काहीच नसेल, तर ते साधे भित्तिचित्र मानून त्यावर एक रेघही ओढू नये.

कँडी चँग या कलावतीने २०११ साली न्यू ऑर्लिन्समधील एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा रंग दिला आणि ‘मरण्यापूर्वी मला...’ अशा अर्थाचे अपुरे वाक्य तिथे ओळीने छापले. दुसऱ्या दिवसापर्यंत वाटसरूंनी ती भिंत भरून टाकली. अशा ठिकाणी लिहिण्याआधी वाचावे, कारण खरी कलाकृती त्या अनोळखी उत्तरांमध्येच असते. आपले उत्तर थोडक्यात आणि प्रामाणिक असावे. चमकदार असण्याची गरज नाही. स्वतःचा दूरध्वनी क्रमांक किंवा दुसऱ्या कोणाचे नाव लिहू नये. आपल्यासाठी जागा करण्याकरिता कोणाचा मजकूर पुसू नये, आणि शुद्धलेखन सुधारण्याचा मोहही (तो अनेकांना होतो) आवरावा.

प्रत्येक प्रकाराची रीत मात्र वेगळी असते. ल्यूक जेरम यांनी २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर १५ पियानो ठेवले होते; अशा वाद्यापुढे वाजवता येत नसले तरी बसावे, फक्त मागे कोणी ताटकळत असल्यास लवकर उठावे. आराम बार्टोल या कलाकाराने २०१० पासून न्यूयॉर्कच्या भिंतींमध्ये यूएसबी ड्राइव्ह पक्के बसवले. कोणीही येऊन त्यांत फाइल ठेवाव्यात किंवा त्यांतून घ्याव्यात, ही कल्पना मोठी गमतीची असली, तरी त्यांना आपला कामाचा लॅपटॉप कधीही जोडू नये, कारण त्यात कोणी काय टाकून ठेवले आहे हे बाहेरून कळत नाही.

छायाचित्र घेताना लिहिणाऱ्या व्यक्तीचा चेहरा येत असेल, तर आधी तिला विचारावे. खडूचा मजकूर पावसाने जातो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा फेरी मारावी. काही मोडलेले आढळल्यास स्वतः दुरुस्ती करू नये. फलकावर संपर्क दिलेला असेल तर तिथे कळवावे, नसेल तर जागेच्या मालकाला सांगावे.