सबनेट मास्कने मला तीन दिवस कसे फिरवले

आयपी पत्ता, स्विच आणि राउटर हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत, पिंगची आज्ञा ज्यांनी एकदा तरी चालवून पाहिली आहे आणि आता नेटवर्किंगच्या क्षेत्रात काम शोधायचे असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. संगणक जाळ्याचे काम टप्प्यांत मांडणाऱ्या ओएसआय प्रारूपाचे सात थर मी येथे पुन्हा सांगणार नाही. ते मला उलटसुलट पाठ होते आणि तरीही मी फसले.

परभणी जिल्ह्यातून डिप्लोमा करून मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लागले, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. भांडारात एक नवा संगणक बसवायचा होता आणि लेबल छापणाऱ्या यंत्रणेसाठी त्याला कायमचा पत्ता द्यायचा होता. इतर संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी यंत्रणेकडून सगळे आपोआप मिळत असे. येथे मात्र हाताने भरावे लागणार होते. मला दिलेल्या चिठ्ठीवर पत्ता १९२.१६८.१०.४० आणि गेटवे १९२.१६८.१०.१ एवढेच लिहिले होते. मी पत्ता भरून पुढच्या चौकटीत गेले, तर विंडोजने मास्क स्वतःच भरून ठेवला: २५५.२५५.२५५.०. क्लासमधील प्रत्येक उदाहरणात हाच मास्क असल्यामुळे मला त्यात खटकण्यासारखे काही वाटले नाही.

इंटरनेट सुरू झाले आणि शेजारचा प्रिंटरही छापू लागला. फक्त वरच्या मजल्यावरचा १९२.१६८.१०.२०० हा सर्व्हर काही केल्या सापडेना. आठवड्यापूर्वीच वळवाच्या पावसात वीज पडून आमच्या स्विचचे दोन पोर्ट जळाले होते, त्यामुळे माझा संशय थेट वायरीवर गेला. मी कनेक्टर कापून पुन्हा क्रिंप केले, टेस्टर लावला, पोर्ट बदलला आणि शेवटी संपूर्ण केबल नवी ओढून घेतली. ज्या केबलमधून इंटरनेट व्यवस्थित येत आहे ती केबल खराब कशी असेल, हा साधा प्रश्न तीन दिवसांत मला एकदाही पडला नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी देखभाल विभागातील एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे काका म्हणत, माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, त्या वायरीला कशाला छळायलीस? मास्क काय टाकलास ते सांग आधी."

आता ही एकच गोष्ट मी सावकाश सांगते. ज्यांना ती येते त्यांनीही वाचावी, कारण मलाही ती येते असेच वाटत होते.

मास्क म्हणजे गावाची शीव. संगणकाला कोणालाही काही पाठवायचे असले की तो आधी एवढेच ठरवतो की समोरचा आपल्या शिवेच्या आत आहे की बाहेर. आत असेल तर तो दवंडी पिटतो, "अमुक पत्ता कोणाचा आहे, त्याने आपला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) कळवावा," आणि उत्तर येताच माल थेट त्याच्या दारात नेऊन देतो. या दवंडीलाच एआरपी म्हणतात. समोरचा शिवेबाहेर असेल तर संगणक त्याला शोधण्याच्या भानगडीत पडत नाही. तो सगळे बोचके वेशीवर, म्हणजे डिफॉल्ट गेटवेवर नेऊन टाकतो आणि पुढचे राउटर पाहतो. यातील अट अशी की दवंडी वेशीबाहेर ऐकू जात नाही, कारण राउटर तिला पुढे जाऊ देत नाही.

आमच्या कारखान्यात त्या जाळ्याचे दोन भाग केलेले होते. शेवटचा आकडा ० ते १२७ असलेले पत्ते तळमजल्याचे आणि १२८ ते २५५ असलेले वरच्या मजल्याचे, म्हणून खरा मास्क २५५.२५५.२५५.१२८ होता. द्विमान (बायनरी) पद्धतीत ४० म्हणजे ००१०१००० आणि २०० म्हणजे ११००१०००. १२८चा मास्क यातला फक्त पहिला बिट पाहतो आणि तोच वेगळा असल्याने ही दोन वेगळी गावे ठरतात. मी मात्र ०ने संपणारा मास्क स्वीकारून भांडारातल्या संगणकाच्या समजुतीतून मधला बांधच काढून टाकला होता. २०० आपल्याच गावात आहे असे समजून तो तळमजल्यावर दवंडी पिटत बसला आणि वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरला ती ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. इंटरनेटवरचे पत्ते दोन्ही मास्कप्रमाणे बाहेरचेच ठरत होते, म्हणून ती वाहतूक बिनबोभाट गेटवेकडे जात राहिली. अर्धे चालते आणि अर्धे चालत नाही ही अवस्था सर्वांत फसवी असते. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असते, तर सर्व्हरच्या वतीने राउटरनेच उत्तर दिले असते आणि माझी चूक कोणाच्याही लक्षात न येता तशीच पडून राहिली असती.

विंडोजने तो आकडा का भरला, हेही नंतर समजले. पूर्वी पत्त्यांचे ए, बी, सी असे वर्ग होते आणि सी वर्गाचा मास्क ठरलेला होता. १९९३ साली सीआयडीआर ही वर्गविरहित पद्धत आल्यावर वर्गांचे हे बंधन संपले, परंतु ती चौकट अजूनही जुन्या नियमाने सुचवते. १०ने सुरू होणारा पत्ता दिल्यास ती २५५.०.०.० भरून मोकळी होते. सुचवलेला मास्क न वाचता स्वीकारू नका, हे मी येथे दरडावून सांगत आहे असे समजा.

मला सगळ्यांत जास्त चुटपुट लागली ती उत्तर पडद्यावरच लिहिलेले होते याची. पिंग केल्यावर "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.४०: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" अशी ओळ येत होती आणि मी फक्त शेवटचे शब्द वाचत होते. पत्ता कोणाचा आहे ते पाहा: तो माझ्याच संगणकाचा आहे. म्हणजे दवंडीला उत्तर आले नाही हे माझाच संगणक मला सांगत होता. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" ही वेगळी तक्रार आहे. तेथे पाकीट बाहेर पडलेले असते, पण वेळेत उत्तर आलेले नसते, आणि त्याचे कारण समोरची फायरवॉलही असू शकते. घरच्या वायफायवर कोणीही वापरत नसलेला, परंतु त्याच जाळ्यातील एखादा पत्ता पिंग करून पाहा आणि त्याच वेळी वायरशार्क हे मोफत साधन चालू ठेवा; "हू हॅज" असे विचारणारी दवंडी तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. माझ्या मते या दहा मिनिटांचे मोल क्लासच्या पहिल्या महिन्याहून अधिक आहे.

क्लासविषयी माझे मत कडवट आहे, ते तसेच राहू द्या. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या एका क्लासमध्ये मला थरांची नावे लक्षात ठेवण्याची युक्ती शिकवली गेली, परंतु मास्क चुकला तर काय दिसते हे कोणी दाखवले नाही. सिस्को कंपनीचे पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच जाळे उभारून पाहायचे साधन तिच्या नेटवर्किंग अकॅडमीवर नाव नोंदवून मोफत मिळते. त्यात स्वतः जाळे उभारा आणि मग ते मुद्दाम बिघडवा. मार्गदर्शकाच्या बाबतीतही मी हट्टी झाले आहे: चांगला मार्गदर्शक तुमच्या हातातून कीबोर्ड काढून घेत नाही. काकांनी तो मास्क स्वतः बदलला नाही. ते कागदावर ४० आणि २०० लिहून निघून गेले आणि मला ते सोडवायला अर्धा तास लागला.

गणित कच्चे आहे म्हणून घाबरणाऱ्यांना मात्र मनापासून सांगते की येथे फार गणित नाही. १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ हे आठ आकडे आणि २५६मधून मास्कचा आकडा वजा करणे एवढे पुरते. मास्क १९२ असेल तर ६४चे गट पडतात आणि ते ०, ६४, १२८ व १९२ येथे सुरू होतात. १३० हा पत्ता तिसऱ्या गटात येतो. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलांना घड्याळ लावून प्रश्न सोडवण्याची जी सवय असते, ती या एका ठिकाणी अगदी योग्य आहे. मी रोज रात्री वीस उदाहरणे सोडवत असे. पहिल्या आठवड्यात एकेकाला पाच मिनिटे लागत होती, दोन महिन्यांनी अर्ध्या मिनिटात उत्तर येऊ लागले. थर मात्र त्या पद्धतीने पाठ करू नका.

सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्राची २००-३०१ ही परीक्षा १२० मिनिटांची असते आणि सबनेटिंग, म्हणजे मास्कने जाळ्याचे भाग पाडणे, तेथे चुकवता येत नाही. प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते. बाजारात फिरणारे डंप, म्हणजे फोडलेले प्रश्न, पाठ करून ती उत्तीर्ण होणारे मी पाहिले आहेत. पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते, हा धोका आहेच. पकडले न गेल्यास मुलाखतीत समोरचा एक पत्ता आणि एक मास्क लिहून देतो आणि कागद पुढे सरकवतो. माझ्या दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत तसेच झाले. कागदावरचा मास्क २५५.२५५.२५५.२२४ होता, पत्ता ७७ने संपत होता आणि मी ६४ ते ९५ असे उत्तर लिहून कागद परत दिला.