माणदेशात उन्हाळ्यात ट्रेलर नेताय? आधी वायर बघा

खरसुंडीच्या चैत्री यात्रेला गाडीमागं ओढायचा, आत राहायची सोय असलेला ट्रेलर नेणार असाल, किंवा जत, आटपाडी, म्हसवड या पट्ट्यात उन्हाळ्यात कुठंही, तर सगळ्यात आधी वायर. पाहुण्यांच्या घरातल्या सॉकेटपासून ट्रेलरपर्यंत वीज आणणारी वायर. गेल्या खेपेला आम्ही बाकी सगळं नेलं आणि वायर तिथं मागून घेतली. एसी दुपारभर घुर्र करून बंद पडत राहिला आणि पोरं डाळिंबाच्या बागेत गोणपाट भिजवून त्यावर लोळली. म्हणून हे लिहितोय.

वायर ४ एमएमची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर), तांब्याची, तीन कोअरची म्हणजे आत तीन तारांची, जाड रबरी आवरणाची. मांडवात ट्यूब लावायला वापरतात ती दीड एमएमची नको. ५० मीटर अंतराला दीड एमएमच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध १.२ ओहमच्या आसपास भरतो. १ टनाचा साधा एसी चालू असताना ५-६ अँपिअर घेतो, तेव्हा ६-७ व्होल्ट गळतात. तेवढं खपून जातं. पण कॉम्प्रेसर उचलतो, म्हणजे सुरू होतो, त्या क्षणी पाच-सहापट करंट ओढतो, आणि तिथं ३०-३५ व्होल्ट गेले, वर गावातलं व्होल्टेज आधीच २०० च्या खाली असेल, तर तो उचलतच नाही. ४ एमएमच्या वायरीत हीच गळती निम्म्याहूनही कमी. इन्व्हर्टर एसी हळू सुरू होतो म्हणून त्याला हा धक्का नाही, पण बारीक वायर तासन्‌तास तापत राहते ती राहतेच.

ड्रमवरची वायर असेल तर पूर्ण उलगडा. गरज १० मीटरची असली तरी सगळी. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि आवरण वितळतं. जोड उघड्यावर नको, टेपही नको. पलीकडे १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीत तारा खुपसू नका. धोक्याचं आहेच, शिवाय शेतीची लाइन ठरावीक तासच असते आणि ते तास बहुधा तुमच्या सोयीचे नसतात.

आता जागा. सकाळी ११ ला पोचलात की जिथं सावली दिसते तिथं ट्रेलर लावायचा मोह होतो. चुकीचं आहे. तुम्हाला दुपारी ३ ची सावली हवी, म्हणजे झाड ट्रेलरच्या पश्चिमेला हवं. चिंच, कडुनिंब उत्तम. डाळिंबाच्या झाडाची सावली शेळीलाही पुरत नाही. नारळाखाली अजिबात नको, का ते सांगायला नको. झाडच नसेल तर ट्रेलरची अरुंद बाजू पश्चिमेला करा, मोठ्या खिडक्या उत्तरेला.

पण खरा मार छतावर असतो. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सांगली-साताऱ्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. भिंतींना तेव्हा थोडकंच ऊन, सगळं पत्र्याला. त्याला उपाय तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर असते तसली हिरवी शेडनेट, ७५ टक्क्यांची. मात्र ती छताला चिकटवून टाकाल तर जाळी तापेल आणि खाली पत्राही तापेल. बांबू किंवा पाइप लावून मध्ये वीतभर तरी जागा सोडा, वारा खालून गेला पाहिजे. आणि घट्ट बांधा. माणदेशातला वळीव दुपारी ४ नंतर कधी उठेल सांगता येत नाही. आधी वावटळ, मग पाऊस. बाजूचं कापडी छत उघडं ठेवून जत्रेला गेलात तर परत आल्यावर ते शेजारच्या रानात शोधायचं.

खिडक्यांना चंदेरी शीट बाहेरून लावा. आतून लावली की ऊन काचेतून आत येऊन बसलेलं असतं, मग त्याला परत धाडता येत नाही.

वायर घेतली का? गाडीत टाकली का, असं विचारतोय. घरात काढून ठेवलेली मोजत नाही.

एसी की कूलर, यावर आमच्या दाजींशी वाद होतो. माझं मत: आटपाडी-जतची कोरडी हवा असेल तर कूलर झकास. १५०-२०० वॉटवर चालतो, बारीक वायरीवरही. फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, दमट हवा बाहेर जायला. मिरजेच्या खाली कृष्णाकाठी, उसाच्या फडात उभे असाल तर कूलर म्हणजे अंग चिकट करायचं यंत्र, तिथं एसीच. दोन्ही एकत्र लावणारे लोक मी पाहिलेत. एसी असेल तर सकाळी ९ लाच सुरू करा. पत्रा, गाद्या, कपाटं तापून गेल्यावर दुपारी २ ला लावलेला एसी संध्याकाळपर्यंत नुसता झगडतो. आदल्या दिवशी फिल्टर धुवा. सूर्य बुडाला की एसी बंद, छतावरची झडप आणि सावलीकडची खालची खिडकी उघडी. गरम हवा वरून निघून जाते.

जनरेटर नेणार असाल तर वारा ट्रेलरकडून जिकडे वाहतो त्या बाजूला, लांब ठेवा. त्याच्या धुराला वास कमी आणि जीव घ्यायची ताकद जास्त. खिडकीखाली ठेवून झोपणं म्हणजे आत्महत्या. लांब ठेवायचा म्हणजे पुन्हा लांब वायर, पुन्हा जाड वायर. कळलं ना?

फ्रिज आदल्या रात्री घरीच थंड करून भरा, त्याच्या बाहेरच्या जाळीवर ऊन येऊ देऊ नका. स्वयंपाक बाहेर. टायरची हवा पहाटे थंड असताना बघा. रस्त्यात तापलेल्या टायरमधली हवा कमी करू नका. खंबाटकीसारखा घाट दुपारी ट्रेलर ओढत चढायचा नाही, इंजिन उकळेल. पाणी भरपूर. ओआरएस. पोरांच्या टोप्या.

आणि यात्रेचं बंधन नसेल तर सरळ पाचगणीला जा. सांगलीपेक्षा साताठशे मीटर उंच, म्हणजे चार-पाच अंश फुकटात कमी. मेमध्ये गर्दी असते, जागा आधी ठरवा. तिथंही रात्री पंखा लावायचा तर वीज कुठून तरी आणावी लागणारच.