नाशिकहून इंग्लंडला जाताय आणि तिथल्या वयस्कर आजी-आजोबांसाठी व्हॉलंटियरिंग करायचंय?

निघायच्या आधीच पासपोर्ट सेवाच्या साइटवरून पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला) काढून ठेवा, कारण तिथल्या डीबीएस तपासणीत (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) भारतातलं रेकॉर्ड दिसत नाही, मग संस्था हा कागद मागू शकते. मी काढला नव्हता, नंतर तिथून भारतीय हाय कमिशनमार्फत करताना पार वैताग. डीबीएसची सरकारी फी व्हॉलंटियरला माफ असते. स्टुडंट व्हिसावर असाल तर आधी विचारा, ठरलेल्या ड्युटीचं बिनपगारी काम आठवड्याला २० तास कामाच्या मर्यादेत धरलं जातं.

आपल्याकडे गंगापूर रोडला कुठल्याही आजींचा हात सहज धरतो ना, तिथे आधी विचारायचं. एका आजींनी माझ्या खिशात गुपचूप पाच पाउंड कोंबले, मी ते लगेच कोऑर्डिनेटरकडे दिले. फोटो तर नाहीच.