गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी: घेण्याआधी (आणि नाकारण्याआधी) या चुका टाळा

ओळखीत कुणी नवीन गाडी घेतली की मला ठरलेला प्रश्न येतो, 'गाडी तर भरवशाची आहे, मग एक्स्टेंडेड वॉरंटीला पैसे कशाला घालवायचे?' (गाडीसोबत येणारी स्टँडर्ड वॉरंटी संपली की पुढच्या वर्षांसाठी वेगळे पैसे देऊन घेतात ती एक्स्टेंडेड.) आणि ज्यांनी घातलेत त्यांचा तीन-चार वर्षांनी फोन येतो, 'क्लेम रिजेक्ट केला हो, आता काय करू?' दोन्हीच्या मागे त्याच त्या चुका असतात. सारखं सारखं फोनवर सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

'भरवशाची आहे' एवढ्यावरच ठरवून मोकळं होणं

भरवशाची म्हणजे नक्की काय भरवशाचं, हे कुणी बघतच नाही. बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर, वेळेवर ऑइल बदललं तर लाख-दीड लाख किलोमीटर कुरकुर न करता जातं, मान्य. पण आता त्याच नावाची गाडी तुम्ही ऑटोमॅटिक घेताय, वर टर्बो, टचस्क्रीन, पुश बटण, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, आणि भरवसा मात्र काकांच्या दहा वर्षं जुन्या मॅन्युअल गाडीचा धरून बसलाय. हल्ली इंजिन उघडायची वेळ फार कमी लोकांवर येते. जातं काय, तर एसीचा कॉम्प्रेसर, एएमटीचा, म्हणजे एका प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरचा, ॲक्चुएटर (गिअर टाकणारा भाग), स्टिअरिंगची मोटर, फ्युएल पंप, एखादा सेन्सर नाहीतर ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर). यातलं बरंचसं रिपेअर होत नाही, अख्खं युनिट बदलतात, आणि तिथे बिल पाच आकडी होतं.

भरवशाच्या कंपन्यांचे पार्ट खराब निघत नाहीत असंही काही नाही. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्युएल पंप बदलून देण्यासाठी ९०,४६८ गाड्या परत बोलावल्या. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिटसाठी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या होत्या. आणि हो, रिकॉलचं काम फुकट असतं, त्याचा तुमच्या वॉरंटीशी काही संबंध नाही, त्यामुळे 'रिकॉल आला तर वॉरंटी लागेल ना' म्हणून कुणी सेल्समन गळ घालत असेल तर तो थापा मारतोय. कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकून वर्षातून एकदा बघत जा, दोन मिनिटांचं काम आहे.

माझा हिशोब साधा आहे. ऑटोमॅटिक (एएमटी, सीव्हीटी, डीसीटी काहीही), टर्बो पेट्रोल, बीएस सिक्स डिझेल किंवा हायब्रिड असेल आणि स्टँडर्ड वॉरंटी संपल्यावरही गाडी ठेवणार असाल, तर डोळे झाकून घ्या. मॅन्युअल, साधं पेट्रोल, खालचं व्हेरियंट आणि चार वर्षांत विकणार असाल तर सोडून द्या, त्या पैशांत चांगले टायर घ्या. मधल्या लोकांनी डोकं चालवायचं आहे, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं, सगळ्यांना फोनवर 'हो' किंवा 'नाही' हवं असतं.

किलोमीटरचं गणित न मांडणं

'सहा वर्षं वॉरंटी' ऐकलं की लोक सहा वर्षंच ऐकतात, पुढचं 'किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते' कानावरून जातं. मारुतीने जुलै २०२४ मध्ये स्टँडर्ड वॉरंटी २ वर्षं / ४०,००० किमीवरून ३ वर्षं / १,००,००० किमी केली आणि वरची एक्स्टेंडेड ६ वर्षं / १,६०,००० किमीपर्यंत नेली. आता समजा तुमची गाडी पुणे-मुंबई करते आणि महिन्याला तीन हजार किलोमीटर पडतात. लाख किलोमीटर पावणेतीन वर्षांतच होणार, आणि एक लाख साठ हजार साडेचार वर्षं व्हायच्या आत. म्हणजे पैसे दिले तीन वर्षांचे आणि हातात आलं पावणेदोन वर्षांच्या आसपास. तरीही घ्यावी का? घ्यावीच, कारण एवढी पळणारी गाडीच जास्त काम काढते. पण सहा वर्षं मिळणार या भ्रमात राहू नका.

ह्युंदाई, होंडाकडे खाजगी गाडीला तीन वर्षं अमर्याद किलोमीटर अशी स्टँडर्ड वॉरंटी असते, तिथे जास्त पळणाऱ्याचा फायदा. टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला मुळातच ८ वर्षं / १,६०,००० किमी आहे, त्यामुळे 'बॅटरी लाखाची आहे सर' अशी भीती घालून कुणी प्लॅन विकत असेल तर आधी वॉरंटीचं पुस्तक उघडून दाखवा म्हणावं.

उलट बाजू म्हणजे महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर चालवणारे, रविवारी डीमार्ट आणि दिवाळीत गावी. यांना वाटतं गाडी वापरतच नाही तर बिघडेल कशाला. इंजिन, गिअरबॉक्स किलोमीटरने झिजतात ते ठीक, पण इलेक्ट्रॉनिक्स आणि एसी नुसत्या वयानेही दगा देतात, पार्किंगमधल्या दमट हवेत तर जास्तच. अशांना वर्षं मोजायची आहेत, किलोमीटर नाही.

वॉरंटी कुणाची आहे हेच न बघणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडतो, कारण ही टाळायला अक्कल नाही, फक्त पाच मिनिटं लागतात.

माझ्या मेव्हण्याने दसऱ्याला गाडी उचलली, एएमटी. डिलिव्हरीला गाडीला हार, पेढे, केक, ती मोठी पुठ्ठ्याची चावी हातात घेऊन फोटो, आणि त्या गडबडीत सेल्समनने पुढे केलेल्या दहा-बारा कागदांवर धडाधड सह्या. त्यात एक्स्टेंडेड वॉरंटीचंही पुस्तक होतं, छान गुळगुळीत, वर शोरूमचं नाव. स्टँडर्ड वॉरंटी संपून काही महिने झाले असतील, हे सगळे कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघाले आणि खंबाटकी घाटाच्या चढाला गाडी थांबली. मला फोन, 'दाजी, इंजिन चालू आहे पण गिअर पडत नाही, समोर नुसता एन ब्लिंक होतोय.' म्हटलं साइडला घे, पोरांना रेलिंगच्या पलीकडे उभं कर, टोचन मागव.

टोचन करून गाडी साताऱ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. ॲडव्हायझरने चॅसिस नंबर टाकला आणि म्हणाला, 'साहेब, तुमची वॉरंटी संपलीय, एक्स्टेंडेड सिस्टिमला दिसत नाहीये.' मेव्हणा पेटला, पुस्तक नाचवायला लागला. मी म्हटलं आधी आतल्या पानांचे फोटो पाठव. वर शोरूमचं नाव, आत बारीक अक्षरात तिसऱ्याच कुठल्यातरी फर्मचं नाव, आणि गाडीच्या कंपनीचं नाव कुठेच नाही. अटी काय, तर काम त्याच शोरूमच्या वर्कशॉपला करायचं, आधी ईमेलने मंजुरी घ्यायची, एका क्लेमला पंचवीस हजारांची मर्यादा, आणि सगळ्यात कडी म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेले भाग' वगळलेले. एएमटीच्या गाडीला हा प्लॅन विकला होता! ॲक्चुएटर आणि मजुरी धरून चाळीस हजारांच्या वर बिल, ते त्याने भरलं. परत येऊन शोरूमला भांडला तर उत्तर काय, 'सर, त्या स्कीमचा टायअप आता बंद झालाय.' पैसे घेणारा सेल्समन केव्हाच दुसरीकडे गेलेला.

त्या ॲडव्हायझरवर चिडून उपयोग नव्हता, त्याचं काही चुकलं नव्हतं.

तर माझी पद्धत अशी. पैसे देण्याआधी एकच विचारायचं, 'ही गाडीच्या कंपनीची आहे की तुमची?' उत्तर तोंडी घ्यायचं नाही, व्हॉट्सॲपवर मागायचं. पावतीवर प्लॅनचं कंपनीने ठेवलेलं नाव हवं, नुसतं 'प्रोटेक्शन प्लॅन' किंवा 'व्हॅल्यू ॲडेड पॅकेज' असलं काही चालणार नाही. आणि गाडी घरी आली की आठवड्याभरात त्याच कंपनीच्या पण *दुसऱ्या* डीलरच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन सांगायचं, चॅसिस नंबर टाका आणि वॉरंटी कधीपर्यंत दिसते बघा. दिसली तर संपलं. नाही दिसली तर सेल्समन अजून तिथेच नोकरीला असताना त्याची मानगूट धरता येते. सर्टिफिकेटचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, कारण गाडी बंद पडते तेव्हा फाइल घरच्या कपाटात असते.

वायर कापणं

कंपनीची ॲक्सेसरी महाग म्हणून बाहेरून हॉर्न, एलईडी, रिव्हर्स कॅमेरा, अँड्रॉइड स्टिरिओ बसवतात. बसवा, पण तो पोरगा मूळ वायर ब्लेडने सोलून त्यात दुसरी वायर पिळून वर काळी टेप गुंडाळतोय हे बघत तुम्ही बाजूला चहा पीत उभे असता, मग काय बोलणार. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी असाच मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवून घेतला, ना रिले ना फ्यूज. पुढच्या पावसाळ्यात आधी पॉवर विंडो येड्यासारख्या वागायला लागल्या, मग सेंट्रल लॉक, मग बॉडी कंट्रोलचं मॉड्यूलच गेलं. सर्व्हिस सेंटरने टेप गुंडाळलेल्या जॉइंटचे फोटो काढले, जॉब कार्डला जोडले आणि क्लेम नाकारला. काका मला म्हणाले, 'बघ, कंपन्या कशा लुटतात.' मी म्हटलं, काका, मी त्यांच्या जागी असतो तर मीपण नाकारला असता. त्या दिवसापासून जरा कमी बोलतात माझ्याशी.

कपलर टू कपलर (वायर न कापता प्लगला प्लग जोडून) फिटिंग मिळतं, थोडे पैसे जास्त जातात, तेच करा. आणि बाहेरून सीएनजी किट बसवायचं असेल तर एक्स्टेंडेड वॉरंटीचा विषयच सोडा, दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

बाहेर सर्व्हिसिंग करून वर क्लेमची अपेक्षा

यावर नेहमी वाद होतो म्हणून जरा नीट लिहितो. २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) १४ गाडी कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोकला होता, स्पेअर पार्ट बाहेर मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात असंही होतं की ग्राहकाने बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, बाहेरच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. प्रकरण पुढे कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. इंटरनेटवरचे शूरवीर हा आदेश तोंडावर फेकतात. काउंटरवर त्याचा उपयोग शून्य, तिथे ॲडव्हायझर फक्त सर्व्हिस हिस्टरी बघतो, एक सर्व्हिस गायब दिसली की इंजिनचा क्लेम अडकला. वॉरंटी आहे तोवर ठरल्या तारखेला, ठरल्या किलोमीटरला अधिकृत सेंटरलाच जा. मात्र तिथे ते इंजिन डेकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग जे खपवतात त्याला सरळ नाही म्हणा, त्याचा वॉरंटीशी काडीचा संबंध नसतो.

बाकीच्या, पटापट

वॉरंटी म्हणजे इन्शुरन्स समजणं. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही परत स्टार्टर मारलात, तर इंजिनचं जे होतं ते वॉरंटीत येत नाही, साध्या इन्शुरन्समध्येही सहसा येत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. उंदराने वायर कुरतडली तर तोही इन्शुरन्सचा विषय.

क्लचप्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, टायर यांची वॉरंटीकडून अपेक्षा. झिजणाऱ्या गोष्टी यात नसतात. सस्पेन्शनच्या बुशवर सगळ्यात जास्त भांडणं होतात, ते आधीच विचारून घ्या.

डिझेल घेऊन रोज तीन किलोमीटर चालवणं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक झाला की 'वापर चुकीचा' म्हणून हात वर करतात.

लोनमध्ये घालणं. अठरा हजारांचा प्लॅन ऑन-रोड किमतीत घालून सात वर्षांच्या, ९ टक्क्यांच्या लोनवर घेतला तर त्याचे जवळपास २४,३०० होतात. रोख द्या, नाहीतर नंतर घ्या.

नंतर म्हणजे किती नंतर? स्टँडर्ड वॉरंटी संपायच्या आत, आणि बहुतेक ठिकाणी जितका उशीर तितका दर जास्त. डिलिव्हरीच्या दिवशीच घेतली पाहिजे असं मात्र नाही, 'ऑफर आजच आहे सर' हे वर्षभर चालू असतं. फक्त फोनमध्ये रिमाइंडर लावा, कारण मी ओळखतो त्यातले निम्मे 'नंतर घेऊ' म्हणणारे विसरतात आणि मग मुदत गेल्यावर मला वशिला विचारतात.

क्लेम नाकारला तर

तिथे आवाज चढवू नका. नाकारल्याचं कारण लेखी मागा, जॉब कार्डवर किंवा ईमेलवर. तोंडी 'होत नाही सर' म्हणणारे बरेच जण लेखी द्यायची वेळ आली की 'थांबा, साहेबांना विचारतो' म्हणतात. मग तो कागद जोडून गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, डीलरला नाही. त्यानेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार ऑनलाइनही करता येते. जुना खराब पार्ट काढला असेल तर निकाल लागेपर्यंत तो भंगारात टाकू नका असं जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि काढलेल्या पार्टचा नंबर दिसेल असा फोटो तिथेच उभं राहून काढा.