‘सक्सिंक्ट’ हा इंग्रजी शब्द कसा समजून घ्यावा आणि कसा वापरावा

इंग्रजी शिकणारी आमच्याकडची पोरं ‘शॉर्ट’ आणि ‘ब्रीफ’ या दोन शब्दांवरच सगळं भागवतात. त्यांच्या जोडीला आणखी एक शब्द हवा: सक्सिंक्ट (succinct), म्हणजे मोजक्या शब्दांत पण पूर्ण सांगितलेलं.

आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये दोन ‘सी’ लागोपाठ येतात. पहिल्याचा ‘क’ होतो, दुसऱ्याचा ‘स’, जसा ‘सक्सेस’मध्ये होतो. म्हणून सक्-सिंक्ट, आणि जोर ‘सिंक्ट’वर.

मग अर्थ. तो पाठ करू नका, बांधीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, धुऱ्यावर उभं राहून पाहा. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत भंडारा-गोंदियाकडच्या बाया चिखलात उतरण्याआधी लुगडं वर घेतात आणि कमरेला घट्ट खोचतात. लुगडं तेवढंच असतं, वीतभरही फाडलेलं नसतं. फक्त ते लोंबत नाही, पायात येत नाही. सक्सिंक्ट ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ हाच: वस्त्र वर घेऊन कमरेला बांधलेलं. इंग्रजीतही तो आधी कपड्यालाच लागायचा, बोलण्याला नंतर लागला. ‘कन्साइज’ (concise) या त्याच्या जवळच्या शब्दाच्या मुळाशी मात्र कापणं आहे. आज दोन्ही शब्द जवळपास एकाच अर्थाने चालतात, पण मला खोचलेलं लुगडंच जास्त पटतं. मराठीत त्याला सर्वात जवळचा शब्द ‘आटोपशीर’.

आता फरक ओळखा. कोणी फोनवर “ये उद्या” म्हणून फोन ठेवला, तर ते बोलणं ब्रीफ झालं. तेच तुटकपणे, रागात म्हटलं तर ‘टर्स’. आणि “बांधीत पाणी आहे, पऱ्हे तयार आहेत, उद्या सकाळी रोवणीले ये” हे सक्सिंक्ट (पऱ्हे म्हणजे भाताची रोपं). कशाला यायचं, कधी यायचं, सगळं त्यात आलं. वाक्य लांबलं तरी काही लोंबत नाही.

वापरताना हा शब्द उत्तर, अर्ज, सारांश, भाषण यांनाच लावा. ‘सक्सिंक्ट आन्सर’ बरोबर. ‘सक्सिंक्ट रोड’ किंवा ‘सक्सिंक्ट हॉलिडे’ चूक, तिथे ‘शॉर्ट’च हवं. क्रियाविशेषण करायचं तर ‘सक्सिंक्टली’: ‘शी एक्सप्लेन्ड इट सक्सिंक्टली’, म्हणजे तिने ते मोजक्या शब्दांत नीट समजावलं.

सराव आपल्याच कामावर करा. समजा, गारपिटीने पीक गेलं आणि ते लिहून कळवायचं आहे. ती सूचना लिहून पाहा: गाव, गट क्रमांक, पीक, किती क्षेत्र, कोणत्या तारखेला काय झालं. ‘आपणास नम्रपणे कळविण्यात येते की’ आधी काढा. मग एकेक शब्द झाकून वाचा. झाकल्यावरही कळत असेल तर तो खोडा. गट क्रमांक झाकला की शेत सापडणार नाही. तो राहू द्या.