दहावीचा गृहपाठ साचतो कशामुळे? या चुका टाळा

राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित आणि भूमिती वेगळी, विज्ञानाचे दोन भाग, शिवाय इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. त्यामुळे एकाच संध्याकाळी चार-पाच वह्या समोर येणे स्वाभाविक आहे. मात्र वह्या साचतात त्या बहुधा कामाचा क्रम चुकल्यामुळे.

क्लासहून रात्री साडेआठला परतलेला विद्यार्थी सुरुवात सोप्या वहीने करतो आणि दोन चलांतील रेषीय समीकरणांची शाब्दिक उदाहरणे दहानंतर हाती घेतो. थकलेल्या डोक्याने समीकरणच चुकीचे मांडले जाते आणि पुढचा अर्धा तास ती चूक शोधण्यात जातो. विचार करावा लागणारे काम, मग ते उदाहरण असो वा भूमितीतील प्रमेयाची सिद्धता, प्रथम उरकावे. प्रश्नोत्तरे लिहिणे नंतरही जमते. एखादे उदाहरण पंधरा मिनिटांत सुटले नाही, तर अडलेल्या पायरीवर खूण करून पुढे जावे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना नेमकी तीच पायरी दाखवावी. गाइडातून उतरवल्याने वही पूर्ण होते, पण उत्तरपत्रिकेत गुण पायऱ्यांना मिळतात आणि त्या तेव्हा आठवत नाहीत.

प्रयोगवहीची चूक अधिक महागात पडते. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर मोजले, पण निरीक्षणे कच्च्या कागदावरच राहिली, की प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सगळे प्रयोग एकदम लिहावे लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास पूर्वपरीक्षेचा अभ्यासही असतो. विज्ञानाच्या 100 पैकी 20 गुण प्रात्यक्षिकाचे असल्यामुळे प्रयोग झाला त्याच दिवशी निरीक्षण-तक्ता वहीत उतरवणे शहाणपणाचे ठरते. (शीर्षकांखाली दोन रंगांच्या रेघा मारण्यात जाणारा वेळ वाचवला, तरी हे काम सहज होते.)

शाळा आणि क्लास एकाच प्रकरणावर वेगवेगळा गृहपाठ देत असतील, तर तीच उदाहरणे दोन वह्यांत लिहू नयेत. एक वही दोन्हीकडे चालेल का, हे आधीच विचारून घ्यावे. एवढे करूनही आठवडाभर रोज रात्री अकरापर्यंत वह्या मिटत नसतील, तर कोणत्या दिवशी कोणत्या विषयाचे किती काम मिळाले याची यादी करून ती पालकांसह वर्गशिक्षकांना दाखवावी, कारण इतर विषयांच्या शिक्षकांनी त्याच दिवशी काय दिले आहे, याची कल्पना प्रत्येक शिक्षकाला असतेच असे नाही.