डिटेक्टर वाजला, आता पुढे काय? छंदी शोधक आणि पुरातत्त्वज्ञ: या चुका टाळा

इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणारे हजारो हौशी लोक आहेत. एके काळी पुरातत्त्ववाल्यांचं आणि यांचं अजिबात पटत नसे. १९८० साली तर पुरातत्त्व संघटनांनी या छंदाविरुद्ध मोहीमच उघडली होती. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट, म्हणजे सापडलेल्या मौल्यवान जुन्या निधीचा कायदा, आणि १९९७ साली सुरू झालेली पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम यांमुळे चित्र बदललं. सापडलेली वस्तू स्थानिक फाइंड्स लायझन ऑफिसरला दाखवायची, तो तिची नोंद करून घेतो आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतो. आज त्या नोंदवहीत पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत. तरीही खटके उडतात, आणि बहुतेक वेळा त्याच त्या चुकांवरून. तिथे राहणारं आपलं कुणी या छंदाकडे वळत असेल, तर आधी एवढं वाचून घ्यावं.

खड्ड्यात हात घालत राहणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. नांगरटीच्या मातीत, म्हणजे साधारण वरच्या २०-३० सेंटिमीटरमध्ये जे सापडतं ते नांगराने आधीच इकडचं तिकडे केलेलं असतं. तिथून एखादं नाणं उचललं म्हणून फारसं बिघडत नाही. त्याखाली सिग्नल येत असेल, किंवा एकाच जागी नाण्यांमागून नाणी निघायला लागली, तर थांबायचं. खड्डा झाकायचा, जागा लिहून ठेवायची आणि फोन करायचा.

हॉक्सन गावचं उदाहरण घ्या. १६ नोव्हेंबर १९९२. सफोकमधल्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, तो शोधायला एरिक लॉज डिटेक्टर घेऊन आले. हातोड्याआधी हाती लागली रोमन नाणी आणि चांदीचे चमचे. लॉज यांनी बरंच बाहेर काढलं, पण मग थांबून कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेलं जागच्या जागी नोंदून उचललं. वस्तू एकमेकींना कशा लागून होत्या ते दिसलं, म्हणूनच हे सगळं एका लाकडी पेटीत, आतल्या लहान डब्यांत लावून ठेवलं होतं हे समजलं. पेटीचं लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. १४ हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांच्यासोबत मिरपूड ठेवायच्या चांदीच्या चार डब्या. मिरी अर्थात आपल्याकडची, मलबारातून समुद्रमार्गे गेलेली. तो हातोडाही मिळाला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ २०१० साली डेव्ह क्रिस्प यांना त्याहून लवकर थांबायची बुद्धी झाली. मडक्याचं तोंड लागताच त्यांनी खड्डा बुजवला. पुढे पुरातत्त्वज्ञांनी ते मडकं थराथराने रिकामं केलं आणि प्रत्येक थराची नाणी वेगळ्या पिशव्यांत भरली. एकूण ५२,५०३ नाणी, वजन सुमारे १६० किलो. बचतीचं मडकं असतं तर सगळ्यांत उशिराची नाणी तोंडाशी मिळायला हवी होती. ती निघाली खोलवर, आणि त्यांच्या वर जुनी. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं साठवलेली ही पुंजी नव्हती, मडकं एकाच वेळी भरलं गेलं होतं. क्रिस्प यांनी उत्साहाच्या भरात सगळं बादलीत ओतलं असतं, तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही गोष्ट कुणालाच कधी कळली नसती.

घासूनपुसून लख्ख करणं

तांब्या-पितळेचं काही दिसलं की आपला हात चिंचेकडे नाहीतर पितांबरीकडे जातो. देवघरातल्या समईला ते ठीक आहे, रोमन नाण्याला नाही. आम्ल आणि घासणी यांनी वरचा हिरवट थर जातो, त्याबरोबर अक्षरंही जातात. गंजात कधी कापडाचे धागे, कधी लाकडाचे रेषे टिकून राहिलेले असतात, तेही गेले. स्टॅफर्डशरला २००९ साली सापडलेल्या सोन्याच्या वस्तूंवरची माती संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी झुडपाच्या काट्यांनी टोकरून काढली, कारण धातूच्या अवजाराने मऊ सोन्यावर चरे पडले असते.

घरी करायचं ते इतकंच: मातीसकट वस्तू भोकं पाडलेल्या पिशवीत, पिशवी डब्यात. लोखंड कोरडं ठेवायचं. ओल्या, दलदलीच्या जागेतून निघालेलं ओलंच ठेवायचं.

जागा मोघम लिहिणं, शिसं फेकून देणं

"अमुक गावाजवळच्या शेतात" ही नोंद नोंद नव्हे. ब्रिटिश नॅशनल ग्रिडचे सहा आकडे दिले तर १०० मीटरचा चौकोन कळतो, आठ आकड्यांनी १० मीटरचा, दहा आकड्यांनी एक मीटरचा. किमान आठ द्या, जमलं तर दहा. हे शेतातच, वस्तू पिशवीत टाकतानाच लिहायचं. संध्याकाळी सगळा माल एकाच पिशवीतून टेबलावर ओतल्यावर कुठलं कुठे सापडलं हे कुणालाही आठवत नाही.

आणि शिशाच्या गोळ्या भंगार म्हणून टाकू नका. १४८५ साली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड बॉसवर्थच्या लढाईत पडला. लढाई नेमकी कुठे झाली यावर वर्षानुवर्षं वाद होता. २००५ पासून डिटेक्टरवाल्यांना बरोबर घेऊन शेतांची पद्धतशीर पाहणी झाली. बाजारात कवडीची किंमत नसलेले, तोफा-बंदुकांचे शिशाचे तीसहून अधिक गोळे मिळाले, आणि जुन्या दलदलीच्या कडेला रिचर्डचं चिन्ह असलेला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा रानडुक्कर. रणभूमी नकाशावर सुमारे तीन किलोमीटर सरकली. प्रत्येक गोळ्याची जागा लिहिली होती, म्हणून.

परवानगी तोंडी, कळवणं उशिरा

शेताच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. शेत कुळाकडे असेल तर त्यालाही विचारा. निधी सापडल्यास मिळणाऱ्या बक्षिसाची वाटणी त्याच कागदावर लिहा, ती सहसा निम्मी-निम्मी असते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो.

ट्रेझर, म्हणजे कायद्याने निधी ठरेलसं काही मिळालं तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा निधीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. लायझन ऑफिसर यात मदत करतो. ३० जुलै २०२३ पासून सोनं-चांदी नसलेली, पण २०० वर्षांहून जुनी आणि इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची धातूची वस्तूही ट्रेझर ठरू शकते. "पितळच तर आहे" ही सबब आता चालत नाही. २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला निधी दडवून परस्पर विकायला काढला. फोनमधून पुसलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले, आणि २०१९ साली दोघेही तुरुंगात गेले. अपिलात शिक्षा कमी झाली, पण सुमारे ३०० नाण्यांपैकी बहुतेक बेपत्ताच राहिली.

हे सगळं इंग्लंड-वेल्सपुरतं. स्कॉटलंडचे नियम वेगळे, आणि आयर्लंडमध्ये परवानगीशिवाय जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर चालवताच येत नाही.

चुका पुरातत्त्वज्ञांच्याही आहेत

हौशी माणसाला फक्त उपसलेल्या मातीच्या ढिगावर डिटेक्टर फिरवायला बोलावायचं आणि अहवालात नावही घालायचं नाही, ही जुनी खोड आहे. महिनोन् महिने वस्तू ठेवून घेऊन काहीच न कळवणं ही दुसरी. ज्याने भर थंडीत चिखल तुडवला त्याला "हा बकलचा तुकडा आहे, बहुधा पंधराव्या शतकातला" इतकी एक ओळ पाठवली, तरी पुढच्या वेळी तो आपणहून येतो. पहिल्याच भेटीत कायद्याचं पुस्तक उघडणारा अधिकारी मात्र त्याला कायमचा गमावतो.

सुट्टीत डिटेक्टर भारतात आणणं

इथे इंग्लंडची सवय कामाची नाही. राजगड-रायगडसारख्या संरक्षित किल्ल्यांवर परवान्याशिवाय खणता येत नाही. शेतात काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला की कलेक्टरला लेखी कळवायचं. दडवलं तर आपला हिस्सा जातो आणि कैदही होऊ शकते. आजोळच्या वावरात सापडलेली शिवराई आठवण म्हणून पाकिटात घालून परत न्यायचा बेत असेल तर तोही सोडा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.